साठ फेरे

सावेडीतल्या आमच्या घरी बोअरचं पाणी आहे. त्यात दाढीचा साबण कितीही घोळला तरी फेस उभा राहत नाही. गालावर पांढरट पापुद्रा बसतो, वाटीच्या कडेला चिकट साय धरते. तीच गोल वडी माळीवाड्यातल्या एका दुकानात लोण्यासारखी फुललेली पाहिली आणि मी तिथे सकाळी सकाळी जाऊन बसू लागलो.

दोन खुर्च्यांचं दुकान. म्हाताऱ्या कारागिराला सगळे नाना म्हणतात. गिऱ्हाईक बसलं की मानेभोवती कापड आणि गालांना कोमट पाण्याचा हात. केस पाणी पितात, फुगतात, नरम पडतात. मग नाना कोपऱ्यातल्या माठातून वाटीभर पाणी घेतात.

“हे नळाचं, मुळा धरणाचं. बोअरचं पाणी हात धुवायला ठीक. त्याला फेस धरत नाही.”

नानांचं निदान बिनचूक आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातून मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. ते साबणाला बिलगतात, त्याचा न विरघळणारा साका होतो आणि फेसासाठी साबणच उरत नाही. धरणाचं पाणी त्या मानाने हलकं.

ब्रश वडीवर फिरू लागतो. “साठ फेरे,” नाना म्हणतात. पहिल्या वीस फेऱ्यांत येतात ते मोठे, पोकळ बुडबुडे. ते खोबरेल तेलाचे; त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, ते झटकन फसफसतं आणि तितक्याच झटकन बसतं. वस्तऱ्याला पेलणारा दाट फेस स्टिअरिक आम्लाचा. त्याला वेळ लागतो. म्हणून दाढीच्या चांगल्या साबणात ते भरपूर घालतात आणि कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅशही वापरतात. पोटॅशमुळे साबण मऊ राहतो, लवकर विरघळतो.

चाळिशीच्या पुढे बुडबुडे दिसेनासे होतात. ब्रशचा आवाजही बदलतो, ओला चपचपाट जाऊन खसखस येते. आणि तेव्हाच वास सुटतो: लव्हेंडरचा, त्याखाली पावडरीसारखा, उबदार. कोरड्या वडीला नाक लावलं तर यातलं निम्मंही मिळत नाही. पाण्यात घोळल्यावर तो मोकळा होतो. त्या वासासाठी मी पुन्हा पुन्हा गेलो. वडिलांच्या गालाला रविवारी हाच वास यायचा.

डब्यातून फुस्सकन निघणारा फेस नानांनी ठेवलेला नाही. तो नुसता गालावर बसतो, केसांच्या मुळाशी घोळला जात नाही, असं त्यांचं म्हणणं. नानांच्या हाताखालचा गाल पाहिल्यावर मलाही ते पटलं.

शेवटी तुरटीचा खडा, गार पाणी.

निघताना त्यांनी माठातलं पाणी बाटलीत भरून दिलं. “घरी करून बघा. साठ मोजा.”

दुसऱ्या दिवशी मोजले. फेस ब्रशच्या टोकावर उभा राहिला, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “तुझ्या बाबांचा साबण कुठं सापडला रे?”