फुगीर टाक्याची पकड

साखळी टाका, उलटी टीप, गव्हाचा टाका असे भरतकामातले बहुतेक टाके कापडाला चिकटून बसतात. पण सूर्यफुलाचा मधला भाग किंवा भुंग्याची पाठ भरायची वेळ आली की सपाट टाका अपुरा पडतो. तिथे दोरा कापडावर उभा राहायला हवा आणि हात फिरवला की मऊ लागायला हवा. दोरा उभा करणं अवघड नाही. सुई वर काढून फास सैल सोडला की झालं. खरी अडचण पुढेच येते. फास कापले की प्रत्येक तुकडा सुटा होतो. तो ओढला, झटकला, धुतला तरी जागचा हलू नये म्हणून त्याला धरायचं कशानं? या प्रश्नाच्या प्रत्येक उत्तरातून एक वेगळी कारागिरी उभी राहिली.

सर्वांत भरवशाचं उत्तर गाठीचं. भरतकामातला टर्की टाका ही गालिच्याच्या गाठीचीच नक्कल आहे. पश्चिम तुर्कस्तानातल्या गोर्देस गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाठीत लोकर शेजारच्या दोन ताण्यांना वेढा घालते आणि तिची दोन्ही टोकं मधून वर येतात. गाठ फार जुनी. 1949 साली सर्गेई रुदेन्को या रशियन पुरातत्त्वज्ञाला अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यात बर्फाने जपलेला एक गालिचा मिळाला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला मानला जातो. जेमतेम 2 मीटर लांब आणि 1.83 मीटर रुंद अशा त्या तुकड्यात सुमारे साडेबारा लाख गाठी आहेत, आणि त्या याच जातीच्या. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडात तुर्की गालिचे इतके महाग होते की लोक ते पायाखाली न टाकता टेबलावर अंथरत. मग तिथल्या कारागिरांनी जाड कापडावर लोकरीच्या तशाच गाठी मारून खुर्च्यांच्या बैठकी सजवल्या. एकोणिसाव्या शतकात बर्लिन लोकरकामाची लाट आली, तेव्हा हौशी बायका लोकरीचे उभे फास कापून आणि कातरून फुगीर पोपट आणि कुत्री घडवू लागल्या.

हाताने टर्की टाका असा घेतात. सहापदरी दोऱ्यातले दोन-तीन पदर सुईत ओवायचे, पण शेवटी गाठ मारायची नाही. सुई वरूनच खाली घालायची आणि दोऱ्याचं शेपूट वर सोडायचं. डावीकडे किंचित अंतरावर सुई वर काढायची, शेपटावरून उजवीकडे आडवा टाका घालून पहिल्या छिद्रापाशी पुन्हा वर यायचं आणि दोरा घट्ट ओढायचा. हा आडवा टाका शेपूट दाबून धरतो. पुढचा टाका सैल. त्याचा फास अंगठ्याखाली धरायचा, म्हणजे सगळे फास एका मापाचे होतात. एक घट्ट, एक सैल अशी ओळ पुरी करायची. ओळी खालून वर भरत न्यायच्या, म्हणजे आधीचे फास आड येत नाहीत. जागा भरली की फास कापायचे, सुईच्या टोकाने पदर विंचरून सुटे करायचे आणि बारीक कात्रीने गोलाई द्यायची. ओळी विरळ पडल्या तर खालचं कापड दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मात्र गाठीवाचून भागवलं गेलं. डाल्टन गावाजवळ शेतावर वाढलेल्या कॅथरिन इव्हान्सने एक जुना फुगीर टाक्यांचा पलंगपोस पाहिला आणि 1895 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तसाच स्वतः केला. आपल्या मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडावर जाड सुताचे टाके घालायचे आणि ते वरून कापायचे. मग पलंगपोस कढत पाण्यात बुडवायचा. कोरं कापड आटतं, विणीची भोकं आवळतात आणि सूत जिथल्या तिथे पकडलं जातं. वरची टोकं धुण्यात फुलतात. शिवायच्या आधी कापड भिजवून घ्या, असं शिंपी ज्या आटण्याच्या भीतीने बजावतो, त्याच आटण्यावर ही कला उभी आहे.

1900 साली कॅथरिनने पहिला पलंगपोस अडीच डॉलरला विकला. मागणी वाढली तशी तिने शेजारणींना शिकवलं. पुढे नक्षी छापलेलं कापड आणि सूत घरोघर पोहोचवणारी, तयार माल गोळा करून मजुरी चुकती करणारी माणसं उभी राहिली. 1930 च्या मंदीत या मजुरीने कित्येक शेतकरी घरांची चूल पेटती ठेवली. फ्लोरिडाकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेले पलंगपोस हीच जाहिरात होती. मोराची नक्षी एवढी खपली की त्या रस्त्याला ‘पीकॉक अ‍ॅली’ म्हणू लागले. किमान वेतनाचे कायदे आले, तेव्हा कारखानदार यंत्रांकडे वळले. शिवणयंत्रात फेरफार करून टाके घालणारी यंत्रं आली, सुया वाढत गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चादरींच्या जागी गालिचे निघू लागले. गालिच्यात सूत धरण्याचं काम पाठीवरच्या लॅटेक्सने उचललं. आज डाल्टन जगाची गालिचा-राजधानी म्हणवून घेतं.

हल्ली हौशी मंडळींत चालते ती पंच नीडल. पोकळ सुईतून दोरा ओवून ती कापडाच्या उलट बाजूने खुपसायची, की सुलट बाजूला फास उमटतो. इथे गाठ नाही आणि आटणंही नाही. कापड ढोलकीसारखं ताणलेलं असतं आणि शेजारचे फास एकमेकांना दाबून धरतात, एवढाच आधार. म्हणून काम झरझर होतं, आणि एक टोक ओढलं तर उसवतंही तसंच. मागे पातळ गोंद लावला तर धोका कमी होतो.

गालिचा घेतानाही हे ज्ञान उपयोगी पडतं. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा गालिचा विकत घेताना तो उलटून पाहा. पाठीवर नक्षी स्पष्ट दिसली तर तो बहुधा गाठींचा आहे. पाठीला कापड डकवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे सुईने सूत खुपसून केलेला, आणि त्याची पकड लॅटेक्सची आहे. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो आणि तो रास्तच आहे.

भरतकामाला बसताना आधी नमुना निवडू नका, वापर ठरवा. रुखवतात मांडायच्या किंवा भिंतीवर लावायच्या चौकटीला पंच नीडल खुशाल वापरा. पण उशीचा अभ्रा, बाळाचं दुपटं, वारंवार धुण्यात जाणारी कुठलीही वस्तू असेल, तर वेळ दुप्पट लागला तरी टर्की टाकाच घाला.