पिशवीबंदी : सवय ग्राहकाची, दंड दुकानदाराला

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी येऊन बरीच वर्षे झाली. तरीही गल्ल्यासमोर रोज तोच प्रश्न उभा राहतो. गिऱ्हाईक सामान घेते, पैसे देते आणि हात पुढे करून विचारते, ‘पिशवी?’ नाही म्हटले तर ते तोंड वाकडे करून शेजारच्या दुकानात जाते. हो म्हटले आणि पथक दारात आले, तर दोन दिवसांची कमाई पावतीवर निघून जाते. मटणवाले, फळवाले, बेकरीवाले, कापडवाले, सगळ्यांची हीच अडचण. लोक या बंदीवर असे का वागले, आणि आपल्या लहान व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी यातून कोणता मार्ग काढावा, याचा येथे विचार करू.

बंदी कशी आली?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. बुडण्याची कारणे अनेक होती. मिठी नदीवरची अतिक्रमणे, अरुंद नाले, समुद्राची भरती. त्यात गटारांत अडकलेल्या पिशव्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, राज्याने कायदा व नियम करून ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी ४० मायक्रॉनची की ५० ची, हे ना दुकानदाराला बोटांनी कळते, ना ग्राहकाला. घाऊक बाजारातून गठ्ठा घ्यायचा आणि विकणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, असे बारा वर्षे चालले. जाडीचा नियम कागदावर राहिला, झबला पिशवी बाजारात राहिली.

म्हणून २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने जाडीचा वादच मिटवला. बंद असलेली व नसलेली, पातळ व जाड, सर्व प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे कप, चमचे हेही त्यात आले. दंड असा ठरला : पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एप्रिलमध्ये स्थगिती नाकारली, मात्र जवळ असलेल्या मालाची विल्हेवाट लावण्यासाठी लोकांना २३ जून २०१८ पर्यंत मुदत मिळाली. त्या दिवसापासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली.

लोक कसे वागले?

लोकांच्या वागण्याचे तीन टप्पे दिसले. पहिला भीतीचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्त्री-पुरुष कापडी पिशव्या घेऊन बाहेर पडले, मटणाच्या दुकानासमोर स्टीलचे डबे दिसू लागले. दुसरा टप्पा तक्रारीचा. किराणा दुकानदारांनी विचारले, सुटी डाळ, साखर आणि तेलकट फरसाण द्यायचे कशात? सरकारला त्याच महिन्याच्या अखेरीस थोडे मागे यावे लागले आणि किराणा माल बांधण्यासाठी ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकला अटींवर सवलत मिळाली. ही सवलत माल बांधण्यापुरती होती, हातात धरायच्या पिशवीला नव्हती. परंतु बाजारात बातमी पसरली ती ‘बंदी उठली’ अशी. तेथून तिसरा टप्पा सुरू झाला, विसरण्याचा. पथक आले की पिशव्या गल्ल्याखाली, पथक गेले की पुन्हा वर.

लहान व्यापाऱ्यांचा राग निराधार नव्हता. मोठ्या कंपन्यांचे वेफर्सचे, बिस्किटांचे, शाम्पूचे वेष्टन सुरूच राहिले. त्यांना आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी देऊन मोकळे सोडले. हातगाडीवाल्याला मात्र जागेवर पाच हजार. दिवसाकाठी पाचशे-सहाशे रुपये सुटणाऱ्या माणसाला हा दंड म्हणजे आठवड्याची रोटी. हा भेदभाव बोलून दाखवलाच पाहिजे, आणि तो संघटनेमार्फत, लेखी निवेदन देऊन दाखवावा. पथकाशी रस्त्यात हुज्जत घालून तो दूर होत नाही.

दुसरी तक्रार रोजगाराची. पिशव्यांच्या कारखान्यांत काम करणारे हात रिकामे झाले, हे खरे. परंतु धारावी व मालेगाव येथे जुने प्लास्टिक गोळा करून, निवडून, त्याचा दाणा पाडणाऱ्या व्यवसायात आपले हजारो बांधव आहेत. त्यांना विचारा, पातळ पिशवी त्यांनाही नकोच असते. एक झबला पिशवी पाच ग्रॅमची धरली, तर किलोला दोनशे पिशव्या वेचाव्या लागतात. त्याही खरकटी लागलेल्या, ओल्या. बाटली, बादली, पाइप यांना भाव आहे. पिशवीला वेचणाऱ्याच्या मजुरीइतकाही भाव येत नाही, म्हणून ती गटारात राहते.

परदेशांतील अनुभव

पिशवीबंदी ही काही आपल्याच राज्याची कल्पना नव्हे. बांगलादेशाने २००२ मध्ये, जगात सर्वांत आधी, पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घातली. १९८८ व १९९८ च्या महापुरांत ढाक्याचे नाले पिशव्यांनी तुंबल्याचे आढळले होते. तेथे तागाचे पीक मोठे, पर्याय घरचाच. सुरुवातीला बंदी जोरात चालली. पुढे देखरेख सैल झाली, तागाची पिशवी महाग पडली आणि पॉलिथिन पुन्हा बाजारात आले. शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या दुकानांत आणि नोव्हेंबरमध्ये भाजीबाजारांत तीच बंदी नव्याने लागू करावी लागली.

त्याच २००२ साली आयर्लंडने वेगळा मार्ग घेतला. बंदी घातली नाही. प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला आणि तो दुकानदाराने भरायचा नाही, ग्राहकाकडूनच वसूल करायचा, असे ठरवले. माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत, त्या थोड्याच काळात २१ वर आल्या. पुढे वापर किंचित वाढताच २००७ मध्ये कर २२ सेंट केला.

या दोन देशांच्या अनुभवात आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. दंड दुकानदाराला बसतो, सवय मात्र ग्राहकाची असते. ज्याची सवय आहे त्याच्या खिशाला पिशवी जाणवली, की सवय बदलते. पिशवी फुकट आहे असे त्याला वाटते तोवर तो मागतच राहणार.

पिशवी फुकट नव्हतीच

दुकानदारालाही पिशवी फुकट वाटते, कारण तिचा हिशोब वहीत वेगळा मांडलेला नसतो. समजा दिवसाला शंभर गिऱ्हाइके आणि एका पिशवीला पन्नास पैसे. दिवसाचे ५० रुपये, महिन्याचे १,५००, वर्षाचे १८,०००. हा पैसा नफ्यातून जात होता. बंदीमुळे हा खर्च थांबवायला दुकानदाराला सबळ कारण मिळाले, आणि तेही शेजारच्या दुकानाच्या भीतीशिवाय. मात्र एक अट आहे, बाजारातील सर्व दुकानांनी एकाच दिवशी थांबले पाहिजे. एकाने दिली आणि दुसऱ्याने नाही दिली, तर नियम पाळणाऱ्याचेच नुकसान. म्हणून हा निर्णय एकट्या दुकानाचा नसावा, गल्लीच्या किंवा बाजाराच्या संघटनेचा असावा.

मग पिशवीचे पैसे घ्यावेत का? घ्यावेत, पण रीतीने. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचापुढे एक प्रकरण आले. पादत्राणांच्या एका मोठ्या कंपनीने कागदी पिशवीचे तीन रुपये लावले होते आणि त्या पिशवीवर स्वतःचीच जाहिरात छापली होती. ग्राहकाने आपल्या खर्चाने तुमची जाहिरात का मिरवावी, असा प्रश्न निघाला. तीन रुपयांपायी कंपनीला सुमारे नऊ हजार रुपये भरावे लागले. तेव्हा पिशवीची किंमत दारातच, खरेदीच्या आधी दिसेल अशी लिहा. पिशवी घेण्याची सक्ती करू नका. आणि तिच्यावर दुकानाचे नाव छापले असेल, तर ती लागत किमतीपेक्षा कमी भावात किंवा मोफतच द्या. ती तुमची जाहिरात आहे.

दोन खड्डे

नियम पाळण्याच्या चांगल्या हेतूने निघालेले अनेक दुकानदार दोन ठिकाणी अडकतात.

पहिला खड्डा कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीचा. मिठाईच्या व कपड्यांच्या दुकानांत मिळणारी रंगीत, मऊ, ‘नॉन-वोव्हन’ पिशवी पुष्कळांना कापडी वाटते. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. २०१८ च्या बंदीत तीही होती. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी अशी पिशवी बंद केली, आणि २०२२ च्या अखेरीस राज्यानेही ६० ग्रॅमपेक्षा जड पिशवीला सवलत दिली. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या कापडात उभा-आडवा धागा दिसतो, कडेने ओढला तर निघतो. या पिशवीत धागा निघत नाही आणि जागोजागी दाबलेले बारीक ठिपके दिसतात. घाऊक व्यापाऱ्याकडून घेताना वजन बिलावर लिहून घ्या. बिल नसेल तर माल घेऊ नका.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिक पिशवी किमान १२० मायक्रॉनची असावी लागते. परराज्यातील विक्रेता ही जाड पिशवी ‘कायदेशीर’ म्हणून दाखवतो. महाराष्ट्राच्या बंदीत जाडीची सूट नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा खड्डा वर्तमानपत्राच्या कागदाचा. पिशवी गेली म्हणून अनेकांनी भजी, पाव, कबाब रद्दीत बांधायला सुरुवात केली. छपाईची शाई तेलात व उष्णतेत उतरते, म्हणून अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली आहे. एका दंडातून सुटून दुसऱ्यात पडायचे नसेल, तर कोरा खाकी कागद, बटर पेपर किंवा पानांचे द्रोण वापरा.

मांसाच्या व्यवसायात ही अडचण सर्वांत मोठी. अंमलबजावणीनंतरची पहिली बकरी ईद २२ ऑगस्ट २०१८ रोजी आली आणि हिस्से वाटायचे कशात, हा प्रश्न घरोघरी पडला. ज्यांनी आधीच झाकणाचे डबे आणि पातेली काढून ठेवली, त्यांचे काम सुरळीत झाले. डबा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचे मांस आधी तोलावे, त्याला रांगेत पुढे घ्यावे. अशी छोटी सवलत दंडाच्या पाटीपेक्षा जास्त काम करते.

शिंपी बांधवांसाठी

ग्राहकाला पिशवी विकत घ्यायचीच असेल, तर ती आपल्या मोहल्ल्यातील शिलाई यंत्रावर तयार व्हावी. हिशोब पाहा. ३६ इंच पन्ह्याचे एक मीटर जाड सुती कापड घ्या. लांबी सुमारे ३९ इंच भरते. पन्ह्यातून १५ इंचांचे दोन पट्टे काढा, उरतात ६ इंच. त्यांतून ३ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात, मध्ये कापल्या की साडेएकोणीस इंचांचे चार बंद होतात. मोठा पट्टा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवा, तोंडाला दीड इंचाची दुमड घाला. सुमारे १४ बाय १८ इंचांची पिशवी होते. एका मीटरात दोन पिशव्या, चार बंद, आणि कापड वाया जात नाही. बंद जेथे जोडतो तेथे चौकोनात फुली मारून शिवा. पिशवी तेथेच फाटते, आणि फाटलेल्या पिशवीचे गिऱ्हाईक परत येत नाही.

कापडाचा भाव, दोरा, वीज आणि आपली मजुरी मांडून दर ठरवा. भिवंडी-मालेगावच्या मागांवरचे तुकडे व कटपीस मिळाले तर लागत आणखी खाली येते. पाच-दहा शिंप्यांनी मिळून एकाच मापाची पिशवी केली, तर बाजाराच्या संघटनेकडून मोठी मागणी घेता येते. एकट्याला ती झेपत नाही.

झबला पिशवी दहा मिनिटे हातात राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या नाल्यात. कापडी पिशवी दोन-तीन वर्षे घरात राहते आणि शिवणाऱ्याला दोन पैसे देऊन जाते. बंदीचा राग समजण्यासारखा आहे, पण रागावून धंदा चालत नाही. आपल्या बाजाराची बैठक घ्या, एक तारीख ठरवा, दारात पाटी लावा आणि पिशव्यांची पहिली मागणी आपल्याच शिंप्याला द्या.