नाटक पडद्यावर नेताना

घाटकोपरच्या टेकडीवर आमचे बचत गट आहेत. गेल्या वर्षी आम्ही छोटं नाटक बसवलं. नवरा बायकोच्या नावावर कर्ज काढतो, पैसे उडवतो आणि हप्ते तिनं भरायचे, अशी गोष्ट. चौकात नाटक रंगलं. मग वाटलं, मोबाइलवर फिल्म करून सगळ्या गटांना पाठवू. फोन लांब ठेवून अख्खं नाटक टिपलं. पाहायला बसलो तर चेहरे दिसेनात, भाषणं संपेनात!

असं का झालं, ते ‘कट्यार काळजात घुसली’ पाहून समजलं. इटलीत ऑपेरा असतो, त्यात संवादही गाऊनच म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटक आहे, त्यात बोलणंही असतं आणि पदंही. ‘कट्यार’ 1967 साली रंगमंचावर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करायचे आणि स्वतःच गायचे. 2015 साली सुबोध भावे यांनी त्याचा सिनेमा केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पण गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड करता येतं, म्हणून हे जमतं.

दुसरा फरक अंतराचा. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या बाईलाही कळायला हवं, म्हणून दुःख मोठ्यानं बोलावं किंवा गावं लागतं. पद रंगलं की वन्समोर मिळतो. सिनेमात वन्समोर नाही, पण कॅमेरा अगदी जवळ जातो. गाणारा गात असताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतला मत्सरही दिसतो. तो वेगळा सांगावा लागत नाही.

हे ध्यानात घेऊन आम्ही फिल्म पुन्हा केली. बायकोचं लांबलचक भाषण काढलं. तिच्यापुढे कर्जाचा कागद, नवऱ्याचं बोट सहीच्या जागेवर, आणि पेन धरलेला तिचा हात थांबलेला. एवढंच, तेही जवळून.

बैठकीत फिल्म दाखवली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एक ताई म्हणाल्या, “माझ्या नावावर किती कर्ज आहे, ते मला कुठं कळेल?” दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर बँकेत गेलो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचं नाटक असेल तर तुम्हीही फिल्म करा. आधी एकच ठरवा: कोणती गोष्ट बोलायची आणि कोणती नुसती दाखवायची.