स्टेरॉइड इंजेक्शन आणि दडलेला जंतुसंसर्ग : लाइम रोग व रायगड किनारपट्टीवरील लेप्टोस्पायरोसिस

प्रस्तावना :

पावसाळ्यात अलिबाग-पेणच्या खारेपाटात भाताची लावणी सुरू झाली की तापाचे रुग्णही दिसू लागतात. दिवसभर चिखलात वाकून काम करणारा माणूस ताप व अंगदुखीने बेजार होतो, जवळच्या दवाखान्यात 'सुई' घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाचरात उतरतो. या सुईत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असेल तर नेमके काय घडते? स्टेरॉइडच्या इंजेक्शनामुळे शरीरात दडलेला रोग उफाळून येतो काय, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत लाइम रोगाच्या संदर्भात विचारला जातो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न आपल्या परिसरातील लेप्टोस्पायरोसिसला लावून पाहिला आहे.

स्टेरॉइडचे कार्य :

येथे अभिप्रेत असलेली स्टेरॉइडे म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या जातीची औषधे होत. (व्यायामशाळेतील तरुण ज्यांच्या मागे लागतात ती स्टेरॉइडे निराळी.) 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. परिणाम इतका विलक्षण होता की 1950 मध्ये हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध पेशीत शिरून दाह निर्माण करणाऱ्या जनुकांचे कार्य मंदावते. त्यामुळे ताप, सूज व वेदना ओसरतात. परंतु दाह ही शरीराची जंतूंविरुद्धची लढाईदेखील असते. स्टेरॉइड ती लढाई थांबवते. जंतू मारत नाही.

लाइम रोगाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. 1975 च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे सुजले व तो बालसंधिवात मानला गेला. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीमध्ये त्याचा मळसूत्री जिवाणू शोधला. ज्या सुजेवर स्टेरॉइड देण्याचा मोह होतो, तीच सूज येथे जंतुसंसर्गाची खूण होती. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या जिवाणूची लागण झालेल्या, पण प्रतिजैविके न दिलेल्या कुत्र्यांना स्टेरॉइड दिल्यावर त्यांच्या अनेक सांध्यांना तीव्र दाह झाला. म्हणजे इंजेक्शनाने लाइम होत नाही, त्यासाठी गोचीड चावावीच लागते. मात्र अंगात असलेला संसर्ग त्यामुळे डोके वर काढू शकतो.

लेप्टोस्पायरोसिसचा प्रश्न :

लाइम हा प्रामुख्याने उत्तर अमेरिका व युरोपातील रोग. मात्र त्याच्या जिवाणूचा एक भाऊबंद, लेप्टोस्पायरा, कोकणात चांगलाच परिचित आहे. उंदीर, घुशी व जनावरांच्या मूत्रातून तो पाण्यात व चिखलात येतो आणि पायावरील जखमेतून शरीरात शिरतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ उसळली होती. महाडने 2005 व 2021 असे दोन मोठे पूर पाहिले आहेत, त्यामुळे हा धोका केवळ शेतकऱ्यापुरता नाही.

या रोगाची चाल फसवी आहे. पहिल्या टप्प्यात ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली दिसते. काही दिवसांनी ताप आपोआप उतरू शकतो आणि मग काही रुग्णांत यकृत, मूत्रपिंड वा फुफ्फुस यांवर घाला पडतो. मधल्या उताराचे श्रेय सुईला मिळते. उलट, योग्य प्रतिजैविक सुरू केल्यावर जिवाणू मोठ्या संख्येने मरून काही तासांत ताप व थंडी तात्पुरती वाढू शकते. तिला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. चुकीच्या औषधाने बरे वाटावे आणि बरोबर औषधाने बिघडल्यासारखे वाटावे, अशा स्थितीत रुग्णाने कशावर विश्वास ठेवायचा?

स्टेरॉइडमुळे लेप्टो बळावतो हे सिद्ध झाले आहे, असे मात्र प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. फुफ्फुसातील रक्तस्रावात काही तज्ज्ञ ते विचारपूर्वक वापरतात. कोविडमध्येही प्राणवायूची गरज असलेल्यांना डेक्सामेथासोनने जीवदान दिले. परंतु 2021 मध्ये मधुमेह व स्टेरॉइडचा अतिवापर यांच्या जोडीने म्युकरमायकोसिसचे भीषण रूप महाराष्ट्राने पाहिले. आक्षेप आहे तो निदानापूर्वीच्या सुईवर. तिने ताप झाकला जातो, रक्तातील पांढऱ्या पेशी व साखर वाढून तपासणीचा अहवाल गोंधळात टाकतो, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन देण्याचे पहिले मोलाचे दिवस निघून जातात.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीच्या वडिलांना लावणीच्या दिवसांत अशा दोन सुया मिळाल्या होत्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तेव्हा त्यांना मोठ्या रुग्णालयात हलविले. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कोणते औषध दिले होते?" घरात एकही चिठ्ठी नव्हती, मुलीला फक्त सुईची किंमत ठाऊक होती. ते वाचले. तेव्हापासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या पावसाळी शिबिरापूर्वी मी विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी बजावतो : ताप आला तर आपण चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगायचे, आणि दिलेल्या इंजेक्शनाचे नाव कागदावर लिहून घ्यायचे.