चवड्यावर चालणारं लेकरू वेळीच दाखवा

‘आमचा बाबू पाहा कसा नाचत नाचत चालते!’ असं आजी कौतुकानं सांगते. लेकरू टाच टेकवत नाही, चवड्यावर चालतं. चालायला शिकताना पुष्कळ मुलं अशी चालतात आणि ते आपोआप जातं. पण तीन वर्षांचं झालं तरी टाच टेकत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, बोलत नाही, तासन् तास एकच चाक फिरवत बसतं, असं असेल तर कौतुक पुरे. दवाखान्यात दाखवायलाच हवं.

ही स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असू शकते. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले. या मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. बाहेरचं लागल्यामुळे किंवा आईबापाच्या चुकीमुळे हे होत नाही. मांत्रिकाकडे जाऊन पैसा जातो आणि त्याहून मोलाचा वेळ जातो.

वेळेचे महत्त्व पायासाठी फार आहे. पोटरीपासून टाचेपर्यंत दोरीसारखी जाड शीर असते. वर्षानुवर्षे टाच टेकली नाही तर ती आखडते. दावं आखूड बांधलं की बैलाचं तोंड गव्हाणीला पुरत नाही, तसंच हे. मग मुलाला टाच टेकवावीशी वाटली तरी टेकत नाही.

चवड्यावर चालणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. एकच पाय ताठ असेल, आधी नीट चालणारं मूल नंतर चवड्यावर आलं असेल, किंवा उठताना मांडीवर हात टेकवावे लागत असतील, तर कारण दुसरे असू शकते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

शीर फार आखडली नसेल तर फिजिओथेरपिस्ट पोटरी ताणण्याचे व्यायाम शिकवतात. ते त्यांच्याकडून शिकूनच घरी रोज करायचे. धुऱ्याचा चढ चढणे, टाच टेकवून उकिडवे बसणे, टाचांवर चालणे हे खेळासारखे करून घेता येते. गरज पडली तर पायाला स्प्लिंट किंवा काही आठवडे प्लास्टर घालतात. फारच आखडली तर शस्त्रक्रिया करावी लागते. स्वमग्न मुलाला अनोळखी स्पर्श, चप्पल, गोंगाट सहन होत नाही. म्हणून रोज तीच वेळ, तीच जागा, आधी स्वतः करून दाखवायचे आणि थोडे थोडे वाढवायचे. ओरडून काही साधत नाही.

अपंगांची सेवा वरोऱ्याला नवी नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनात पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही झाल्या. पण स्वमग्नता पाहताक्षणी दिसत नाही. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत तिचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यात स्वमग्नता आली. त्यामुळे या मुलांनाही दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

सरपंच, सचिव आणि अंगणवाडी सेविकांनी येथे लक्ष घालावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा असे मूल घरी राहू नये. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. मजुरी बुडवून व्यायामासाठी शहरात खेपा घालणाऱ्या आईबापाला त्यातून काय मदत देता येईल, हे ग्रामसभेत ठरवावे.

शंका असेल तर एक सोपी गोष्ट करा. लेकराचे पाय ओले करून त्याला कोरड्या फरशीवर चार पावले चालू द्या. टाचेचा ठसा उमटतो का, ते पाहा. तीन वर्षांच्या लेकराचा उमटत नसेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका.