माझिंगर झेड : धातूचा यंत्रमानव आणि त्याचा संग्रह

माझिंगर झेड हा जपानी चित्रकथाकार गो नागाई यांनी निर्माण केलेला महाकाय यंत्रमानव. त्याची चित्रकथा ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून सुरू झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरपासून तोएई अ‍ॅनिमेशनची मालिका फुजी टीव्हीवर दिसू लागली आणि सप्टेंबर १९७४ पर्यंत तिचे ९२ भाग झाले. त्याआधीच्या गाजलेल्या ‘तेत्सुजिन २८’मधला यंत्रमानव दूरनियंत्रकाच्या इशाऱ्यावर चाले. माझिंगरला मात्र कोजी काबुतो हा तरुण आत बसून चालवतो. वाहनांच्या कोंडीत अडकलेल्या गाडीला पाय फुटून ती इतरांना ओलांडून गेली तर, या विचारातून ही कल्पना सुचल्याचे नागाई यांनी सांगितले आहे. कोजीचे छोटे विमान यंत्रमानवाच्या डोक्यात उतरते आणि मगच तो जागा होतो. पुढे जपानमध्ये यंत्रमानवांच्या असंख्य मालिका निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांनी हीच वाट धरली.

खेळणी बनवणाऱ्यांच्या दृष्टीने या पात्रात दोन गोष्टी मोलाच्या होत्या : डोक्यात बसणारे विमान आणि कोपरापासून सुटून शत्रूवर जाणारी मूठ. बान्दाईची उपकंपनी असलेल्या पॉपीने १९७३ मध्ये ‘जम्बो मशिंडर’ नावाचा सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा माझिंगर आणला. तो शाम्पूच्या बाटल्यांना वापरतात तशा पॉलिएथिलीनचा होता आणि आतून पोकळ होता. कथेतला माझिंगर १८ मीटर उंचीचा असल्याने हे खेळणे त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढे भरले. १९७४ मध्ये पॉपीने नेमकी उलट दिशा धरली. नवा माझिंगर जेमतेम १२ सेंटिमीटरचा, पण जस्ताच्या मिश्रधातूचा होता. कथेतला यंत्रमानव ज्या काल्पनिक मिश्रधातूचा बनलेला आहे, त्या ‘चोगोकिन’चेच नाव या खेळण्यांच्या मालिकेला मिळाले. जीए-०१ हा तिचा पहिला क्रमांक. कळ दाबली की स्प्रिंगच्या जोराने मूठ सुटे. सांधे मोजकेच होते, तरी हातात घेताच जाणवणाऱ्या वजनामुळे यंत्रमानव धातूचाच आहे हे मुलांना पटे.

धातूची ही निवड कारखान्याच्या दृष्टीनेही सोयीची होती. जस्ताची मिश्रधातू साधारण ३८५ अंश सेल्सिअसला वितळते. ती पोलादी साच्यात दाबाने भरता येते आणि बारीक कडाही स्वच्छ उमटतात. त्याच आकाराच्या एबीएस प्लास्टिकच्या भागापेक्षा हा भाग सहापटीहून जड भरतो. मात्र हाच भार सांध्यांना जाचतो. पुढे केलेला धातूचा हात स्वतःच्या वजनानेच खाली येतो आणि मांड्या जड असल्या तर घोटे डगमगतात. वजन हवे आणि हालचालही हवी, या दोन मागण्यांचा मेळ कसा घालायचा हाच पुढच्या पन्नास वर्षांतला मुख्य प्रश्न राहिला.

१९८३ मध्ये पॉपी बान्दाईत विलीन झाली. मूळ मालिका पाहिलेली मुले पुढे कमावती झाली आणि १९९७ मध्ये बान्दाईने खास मोठ्यांसाठी ‘सोल ऑफ चोगोकिन’ ही मालिका काढली. तिचा पहिला क्रमांक, जीएक्स-०१, पुन्हा माझिंगर झेडलाच मिळाला. जुन्या खेळण्याचे वजन राखून त्यात हवी ती ढब देता येईल असे सांधे बसवणे, ही या मालिकेची दिशा ठरली. पुढे तोच यंत्रमानव अनेकदा नव्याने घडवला गेला. त्यांतल्या २०१६ च्या जीएक्स-७० मध्ये टीव्हीवरच्या चित्रातले गुळगुळीत हातपाय साधण्यावर भर होता. अशा आकृतीत धातू सहसा गाभ्यात आणि पायांत असतो, तर वरचे भाग एबीएसचे आणि टोकदार किंवा लवचिक भाग पीव्हीसीचे असतात. ज्यांवर जास्त भार येतो ते सांधे अनेकदा दातेरी असतात. असा सांधा टप्प्याटप्प्याने अडकतो, म्हणून घसरत नाही. घर्षणावर टिकणारे सांधे मात्र वापराने सैल होतात.

संग्राहक प्रथम आकृती पूर्ण आहे का ते पाहतो. सुट्या मुठी, वेगवेगळे पंजे, डोक्यातले विमान, पाठीवर लावायचे लाल पंख, आधाराचा स्टँड आणि माहितीपुस्तिका हे सारे जागेवर असेल तर किंमत टिकते. १९७० च्या दशकातल्या खेळण्यांबाबत खोक्यालाही आकृतीइतकेच महत्त्व येते. मुले खोके फेकून देत आणि सुटलेल्या मुठी कुठेतरी हरवून जात, म्हणून पूर्ण संच दुर्मीळ झाले. टोकियोच्या नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलात जुन्या खेळण्यांची अनेक दुकाने आहेत आणि तिथे वस्तूच्या अवस्थेनुसार भाव ठरतो. स्पेनमध्ये ही मालिका १९७८ मध्ये दाखवली गेली आणि तारागोनाजवळ माझिंगरचा सुमारे दहा मीटर उंच पुतळाही उभारला गेला. त्यामुळे जुन्या वस्तूंचा शोध जपानबाहेरही चालतो. भारतातून मागवताना मूळ किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा लागतो.

जपणुकीत प्रत्येक पदार्थाची दुखणी वेगळी. जस्तात शिसे किंवा कथिल मिसळलेले असेल तर धातू आतून भेगाळतो, फुगतो आणि अखेर भुगा होतो. या विकारावर उपाय नाही. उष्णता आणि दमटपणाने तो लवकर वाढतो, म्हणून मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवणे आणि ते वरचेवर बदलणे गरजेचे ठरते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पांढरे एबीएस पिवळे पडते, त्यामुळे खिडकीसमोरची मांडणी टाळावी. पीव्हीसीतले मऊपणा देणारे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते. तसे झाले की पृष्ठभाग चिकट होतो आणि त्याला टेकलेल्या भागांचा रंगही बिघडतो. हवाबंद खोक्यात हा त्रास वाढतो. अधूनमधून आकृती बाहेर काढून मऊ ब्रशने धूळ झाडणे हिताचे. घट्ट बसलेला सांधा जोराने फिरवल्यास आतली खुंटी तुटते. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा थोडा वेळ दिली की प्लास्टिक सैलावते आणि सांधा सुटतो. मांडणीसाठी ढब निवडताना भार दोन्ही पायांवर सारखा ठेवावा आणि पुढे झुकलेल्या आकृतीला स्टँडचा आधार द्यावा, म्हणजे सांधे दीर्घकाळ घट्ट राहतात.