आधी मशीन, मग डिस्क, मग विंडोज

सकाळी ९.३०

तुळशीचं लग्न लागलं की कराडात मंगल कार्यालयांना आणि छापखान्यांना उसंत नसते. त्यामुळे दुकानाच्या पायरीवर काळा सीपीयू ठेवलेला दिसला, तेव्हाच तो कुठून आला असणार याचा अंदाज आला. २००९ सालचं ब्रँडेड मशीन, कोअर टू ड्युओ, अंगावर विंडोज एक्सपी प्रोफेशनलचं स्टिकर. मागे पॅरलल पोर्टला बोटाएवढं लॉक लावलेलं. मराठी टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या लॉकमध्ये असतो. ते जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

प्रेसवाले काका म्हणाले, "काल लाइट गेली, तासाभरानं आली, तेव्हापासून निळा पडदा येतोय. भाच्यानं सीडी घालून बघितली तर ती म्हणते हार्ड डिस्कच नाही. दादा, काय वाटेल ते करा, पण फॉरमॅट मारू नका. सगळ्या पत्रिकांचं मॅटर आत आहे."

नवं मशीन घ्या, हा सल्ला काकांना कुणीही देईल. पण त्यांचं काम पेजमेकर ७ मध्ये चालतं. ती आवृत्ती २००१ ची. त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आलीच नाही. फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे, म्हणजे मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले. ती फाइल दुसऱ्या मशीनवर त्या फॉन्टशिवाय उघडली तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वर हे लॉक पॅरलल पोर्टचं, आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला हे काकांना मी पूर्वीच सांगितलंय. त्यांनी मशीन नेटला कधी जोडलं नाही, आणि या बाबतीत ते माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांपेक्षा शहाणे आहेत.

सकाळी १०.००

काकांच्या बोलण्यातच दोन धागे होते. लाइट गेल्यावर बिघाड झाला, आणि सीडीला डिस्क दिसली नाही. डिस्क खरोखर मेली असती तर मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबलं असतं. निळा पडदा येतो म्हणजे विंडोज डिस्कवरून थोडीफार सुरू होते आणि मग तिलाच डिस्क सापडेनाशी होते. पडद्यावरच्या कोडच्या शेवटी ‘७बी’ होतं. त्याचा अर्थ नेमका हाच.

झाकण काढलं. छापखान्यातली धूळ कागदाची असते, पंख्यावर तिचा नमदा होतो. ब्लोअर मारला, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवलं, कपॅसिटरची डोकी सपाट आहेत ना ते पाहिलं. त्या काळातल्या कित्येक मदरबोर्डांचे कपॅसिटर फुगून गेले. याचे शाबूत होते. मग बोर्डावरच्या सेलला मीटर लावला. सीआर २०३२ हा रुपयाएवढा सेल तीन व्होल्टचा असतो. मीटर दोनच्या जरासा वर जाऊन थांबला.

मशीन भिंतीच्या विजेवर असेपर्यंत या सेलची उणीव कुणाला जाणवत नाही. वीज तासभर गेली की बायोस सगळं विसरते आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाते. नवा सेल टाकून बायोसमध्ये गेलो. तारीख १ जानेवारीला जाऊन बसलेली, आणि साटाचा मोड ‘एएचसीआय’ झालेला. प्रेसमध्ये कधीतरी एक्सपी पुन्हा टाकताना कुणीतरी तो जुन्या ‘एटीए’वर आणला होता, आणि एक्सपी त्यावरच वर्षानुवर्षं चालली. एक्सपी २००१ ची, एएचसीआयचं पहिलं मानक २००४ चं. त्यामुळे एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. पूर्वी सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. निळा पडदा आणि भाच्याच्या सीडीला न दिसलेली डिस्क, दोन्हींचं मूळ एकच निघालं. मोड एटीएवर आणला, तारीख लावली, सेव्ह केलं.

सकाळी १०.४५

एक्सपीचं चिन्ह आलं, खालची निळी पट्टी सरकली, आणि पुन्हा निळा पडदा. या वेळचा कोड वेगळा, शेवटी ‘२१ए’. विंडोजच्या लॉगइनची किंवा तिच्या अगदी मुळातली एखादी फाइल उठली नाही की हा येतो.

माझ्याकडच्या पोरानं लगेच विचारलं, "दादा, मारू का विंडोज?"

आमच्या धंद्यात विंडोज ‘मारतात’. फॉरमॅट करून मारली की तासाभरात मशीन चकाचक होतं आणि गिऱ्हाइकाचं सगळं जातं. रिपेअर इन्स्टॉल म्हणजे त्याच जागी, त्याच फोल्डरवर विंडोजच्या फाइली पुन्हा घालणं. सॉफ्टवेअर, फॉन्ट, कागदपत्रं जागच्या जागी राहतात, फक्त विंडोजचे स्वतःचे अवयव नवे होतात. काकांना हवं होतं ते हेच. पण ही क्रिया डिस्कवर हजारो फाइली लिहिते. फाइल बिघडण्याचं कारण डिस्कच असेल, तर लिहिण्याच्या या माऱ्यात ती उरलंसुरलंही घेऊन जाते. पोराला म्हटलं, "आधी डिस्क बाहेर काढ."

सकाळी ११.१५

डिस्क टेबलावरच्या मशीनला लावून लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तिचा स्मार्ट अहवाल काढला. त्यातली नजर टाकायची ओळ ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची. ज्या सेक्टरांवरून डिस्कला वाचता येत नाही आणि जे बाद करावेत की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही, त्यांची ती मोजदाद. तिथे शून्य हवं होतं, नव्हतं.

एक पडताळलेली सुटी डिस्क घेतली आणि ‘डीडीरेस्क्यू’ लावलं. साधं कॉपीचं सॉफ्टवेअर खराब जागी अडलं की तिथेच डोकं आपटत राहतं. हे तसं करत नाही. आधी चांगला भाग झपाट्यानं उचलतं, अडलेल्या जागा टाळून पुढे जातं, आणि शेवटी परत येऊन त्या जागा थोड्या थोड्या खरवडतं. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, म्हणून मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. मूळ डिस्कवर या सगळ्यात एक अक्षरही लिहिलं जात नाही. अडीचशे जीबीला तासाच्या वर वेळ लागतो, खराब जागा हट्टी असल्या तर आणखी.

दुपारी १२.००

काउंटरवर गर्दी झाली. सध्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच असतो: विंडोज १० बंद झाली म्हणे, आता मशीन चालणार का? चालेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, मशीन थांबलेलं नाही. पण नेट आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्यानं त्यावर निर्धास्त बसू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एका शिक्षिकाबाईंचं मशीन सातव्या पिढीचं निघालं. मर्यादित काळासाठी वाढीव अपडेटची सोय, की लिनक्स, की नवं मशीन, हे तिन्ही मार्ग कागदावर लिहून दिले. निवड त्यांची.

दुपारी १.१५

कॉपी संपली. काही मोजके सेक्टर आलेच नाहीत. ते नेमके कुठल्या फाइलींचे? मॅप फाइलमधले आकडे एनटीएफएसच्या एका टूलला दिले की फाइलींची नावं मिळतात. निघाली ती विंडोजची पेजफाइल, म्हणजे दर वेळी नव्यानं लिहिली जाणारी कच्ची वही, आणि सिस्टम३२ फोल्डरमधल्या दोन फाइली. दुसरा निळा पडदा का आला ते कळलं. पत्रिकांच्या मॅटरला धक्का नव्हता, फॉन्टनाही नव्हता. आता रिपेअर इन्स्टॉल करण्यात अर्थ होता, कारण गेलं होतं ते विंडोजचंच.

मूळ डिस्क पिशवीत घालून, काकांच्या प्रेसचं नाव लिहून कपाटात ठेवली. मॅटर आणि फॉन्टचे फोल्डर आणखी एका डिस्कवर उतरवले. नव्या प्रतीवर चेकडिस्क चालवली. मगच डबा उघडला, तोही जेवणाचा.

दुपारी २.१५

प्रत मशीनमध्ये बसवली. लॉक, प्रिंटर, स्कॅनर सगळं काढलं. माउस, कीबोर्ड आणि मॉनिटर एवढंच ठेवलं. सीडी कुठली घालायची यावर अर्धा निकाल असतो. मशीनवर प्रोफेशनल असेल तर प्रोफेशनलचीच, होमची चालत नाही. मशीनवर सर्व्हिस पॅक ३ असेल तर सीडीही सर्व्हिस पॅक ३ ची हवी. जुनी घातली तर दुरुस्तीचा पर्याय दिसत नाही, किंवा नव्या-जुन्या फाइलींची सरमिसळ होते. काकांनी मशीनसोबत आलेली सीडी प्रेसच्या खणात जपून ठेवली होती. तिचा दुसरा फायदा असा की ती बायोसमधली कंपनीची खूण ओळखते आणि ॲक्टिव्हेशनच्या फेऱ्यात पाडत नाही. नंतर इंटरनेट एक्स्प्लोरर ८ चढवलेलं असतं तर रिपेअरच्या आधी ते उतरवावं लागलं असतं, नाहीतर रिपेअरनंतर विंडोज त्यावरच अडते. इथे नेटच नव्हतं, म्हणून सहाच होतं.

पहिल्या पडद्यावर ‘आर’ दिसतो आणि बहुतेक जण तिथेच फसतात. तो आर रिकव्हरी कन्सोलचा. तिथे एंटर दाबायचं, करारावर एफ८, मग सेटअप जुनी विंडोज शोधतं आणि तिचं नाव दाखवतं. त्या पडद्यावरचा आर आपला. पोराला आधीच बजावलं होतं: तिथे जुन्या विंडोजचं नाव दिसलं नाही तर काहीही न दाबता मला हाक मार, कारण त्याच्या पुढचा रस्ता फॉरमॅटकडे जातो. नाव दिसलं.

फाइली उतरू लागल्या आणि एके ठिकाणी ‘ही फाइल कॉपी करता येत नाही’ म्हणून थांबल्या. एंटर म्हणजे पुन्हा प्रयत्न, एस्केप म्हणजे सोडून पुढे. एस्केप कधी दाबायचं नाही. सोडलेली फाइल नंतर कुठे बोंब मारेल सांगता येत नाही. सीडी पुसली, तरी तेच. एफ३ दाबून बाहेर आलो आणि टेबलावरचा चांगला डीव्हीडी ड्राइव्ह जोडून पुन्हा सुरू केलं. छापखान्याच्या धुळीत ड्राइव्हचं भिंग आधी जातं. या वेळी कॉपी सरळ पार पडली. मशीन रीस्टार्ट झाल्यावर ‘सीडीवरून सुरू करायला कोणतीही कळ दाबा’ येतं, तेव्हा हात कीबोर्डपासून लांब. दाबली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी ४.००

एक्सपीचा सेटअप ३९ मिनिटं राहिली म्हणून सांगतो आणि त्याची मिनिटं घड्याळाशी जुळत नाहीत. ३४ वर तो बराच वेळ थांबला. तिथे तो मशीनला जोडलेली उपकरणं ओळखत असतो, आणि एखादं उत्तर देत नसलं तर ताटकळतो. सगळं काढून ठेवायचं ते यासाठीच. डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकत होता, म्हणजे काम चालू होतं. दिवा बंद आणि आकडा स्थिर असं बराच वेळ राहिलं तरच हात लावायचा. आकडा हलला. मधल्या वेळात एका मोबाइलची काच आणि दोन पेन ड्राइव्ह मार्गी लागले.

सायंकाळी ५.१५

डेस्कटॉप आला, काकांच्या गणपतीच्या वॉलपेपरसकट. पेजमेकर उघडला, लॉक लावलं, मराठी सॉफ्टवेअर सुरू केलं, तर उत्तर आलं: लॉक सापडत नाही.

पोराचा चेहरा उतरला. त्याला वाटलं रिपेअरनं लॉकचा ड्रायव्हर खाल्ला. तसं होऊ शकतं, पण आधी बायोस बघायची, कारण सकाळी ती सगळंच विसरली होती आणि आपण त्यातला साटाचा मोड आणि तारीख एवढंच परत लावलं होतं. पॅरलल पोर्टचा मोडही बदललेला होता. तो जुन्या जागी आणला, मशीन चालू केलं, लॉक ओळखलं गेलं. एक पत्रिका उघडून आमच्या प्रिंटरवर काढली. काना, मात्रा, जोडाक्षरं, रफार सगळं जागच्या जागी.

सेलनं केलेले दोन बिघाड आणि डिस्कनं केलेला एक. विंडोजची रिपेअर यातला फक्त डिस्कनं घातलेला घाव भरू शकत होती, तोही डिस्क बदलल्यानंतर. सकाळी दहालाच सीडी घातली असती तर ती एएचसीआयवर आपटली असती, आणि मोड बदलून घातली असती तर मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहीत बसली असती.

सायंकाळी ६.३०

काका आले. बिल बघून म्हणाले, "सीडीच घातली ना दादा?" मी पिशवीतली जुनी डिस्क आणि सेल त्यांच्यापुढे ठेवले. सेलचे पैसे सेलएवढे, डिस्कचे डिस्कएवढे, बाकीचे कशाचे ते सांगितलं. त्यांनी थोडी घासाघीस केली, थोडी मी ऐकली.

मग मुद्द्याचं बोललो. मशीन आज चालतंय, पण बोर्ड कधी जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून तीन कामं. यूपीएसची बॅटरी बदला. प्रत्येक पत्रिका छापून झाली की तिची पीडीएफ आणि मूळ फाइल, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि कायमचा मजकूर, म्हणजे देवांची नावं, आग्रहाचं निमंत्रण, नेहमीच्या घराण्यांची यादी, हळूहळू युनिकोडमध्ये आणून ठेवा. ते एकदा झालं की मशीन गेलं तरी धंदा जात नाही.

"लग्नसराई उरकली की करू," काका म्हणाले.

"मशीनला लग्नसराई कळत नाही," मी म्हटलं. रविवारी दुपारनंतर त्यांची प्रेस बंद असते. रविवारी चारची वेळ ठरली. पोरगा डिस्क घेऊन जाईल आणि पहिली प्रत त्यांच्यासमोर घेऊन दाखवेल.